इंदापूरच्या शेतात अफू सापडली, पण ती मेंदूत जाऊन नेमकं करते काय?

मार्च २०२४ ची सुरुवात. इंदापूर तालुक्यातल्या पळसदेव परिसरात, माळेवाडीत पोलिसांनी एका शेतावर छापा टाकला. लांबून बघितलं तर मका, लसूण, कांदा. आत शिरल्यावर मात्र अफूची झाडं. सुमारे ७ हजार किलो झाडं जप्त झाली, त्यांची किंमत कोटीच्या वर सांगितली गेली, काही जणांना अटक झाली. उजनीच्या पाण्यावर ऊस आणि डाळिंब पिकवणाऱ्या पट्ट्यात अफू म्हटल्यावर बातमी गाजणारच होती. ती गाजली आणि दोन-चार दिवसांत विरली.

हे पहिल्यांदा घडलं अशातला भाग नाही. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातही अफूची शेती सापडली होती. दर वेळी चर्चा होते ती शेताची. किती एकर, किती किलो, किती कोटी. पण ज्या चिकासाठी हा सगळा उपद्व्याप चालतो, तो चीक शेवटी कुणाच्या तरी शरीरात जातो. तिथं गेल्यावर काय होतं, यावर फारसं कुणी बोलत नाही. आणि बोललंच तर एवढंच, की "नशेडी आहे, मनावर घेतलं तर सुटेल."

मनावर घेतलं तर सुटेल का? याचं उत्तर मेंदूत आहे. आणि हे उत्तर माहीत नसल्यामुळं घरचे लोक एक चूक करतात, जी थेट जिवावर बेतू शकते. त्या चुकीपर्यंत येऊच. आधी झाडापासून सुरुवात करू.

अनारशावरची खसखस आणि गर्द, दोन्ही एकाच झाडाचं

दिवाळीत अनारशाला लावतात ती खसखस म्हणजे अफूच्या झाडाचं बी. घाबरू नका, बियांमध्ये नशा आणणारे घटक नगण्य असतात. नशा असते ती बोंडाच्या चिकात. फुलाच्या पाकळ्या गळाल्या की हिरव्या बोंडाला बारीक चिरा देतात, त्यातून पांढरा चीक पाझरतो, हवेत तो तपकिरी आणि घट्ट होतो. तो खरवडून गोळा केला की झाली अफू.

या अफूत मॉर्फिन असतं, कोडीन असतं. मॉर्फिन म्हणजे कॅन्सरच्या किंवा ऑपरेशननंतरच्या असह्य वेदनेवर आजही दिलं जाणारं औषध. कोडीन बरीच वर्षं खोकल्याच्या सिरपमध्ये वापरलं गेलं. मॉर्फिनवर रासायनिक प्रक्रिया केली की हेरॉईन तयार होतं. बायर या जर्मन कंपनीनं १८९८ मध्ये हेच हेरॉईन खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आणलं होतं. आज ऐकायला विचित्र वाटतं, पण तेव्हा ते दुकानात मिळायचं. या हेरॉईनचं भेसळयुक्त, कच्चं रूप म्हणजे ब्राऊन शुगर. मराठीत त्याचं नाव गर्द.

याशिवाय ट्रॅमाडॉल, टॅपेन्टाडॉल, फेंटानिल अशी प्रयोगशाळेत तयार केलेली औषधं आहेत. झाडाशी त्यांचा संबंध नाही, पण मेंदूत ती बसतात त्याच जागी. या सगळ्या कुटुंबाला मिळून ओपिऑइड, म्हणजे अफूवर्गीय पदार्थ म्हणतात.

इथं एक गल्लत दूर करायला हवी. माळेवाडीच्या छाप्याआधी जेमतेम दहा-बारा दिवस, फेब्रुवारी २०२४ मध्ये, शेजारच्या दौंड तालुक्यात कुरकुंभ एमआयडीसीत पुणे पोलिसांनी मेफेड्रॉनचा कारखाना पकडला होता. तोच तो एमडी. दोन्ही बातम्या लागोपाठ आल्यामुळं अनेकांनी सगळं एकाच पिशवीत भरलं. पण एमडी ओपिऑइड नाही. एमडी माणसाला चेकाळवतो, जागं ठेवतो. ओपिऑइड शांत करतात, वेदना बधिर करतात, झोपेकडे नेतात. दोन्हींचे धोके वेगळे आणि उपचारही वेगळे.

अफूची लागवड भारतात पूर्ण बंद आहे असंही नाही. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक भागांत सरकारी परवान्यानं ती होते. नीमच आणि गाझीपूर इथल्या सरकारी कारखान्यांत अफूवर प्रक्रिया होते आणि त्यातून औषधं बनतात. महाराष्ट्रात परवाना नाही. इथं एनडीपीएस कायदा, १९८५ नुसार ही लागवड गुन्हा आहे.

मेंदूत अफूसाठी कुलूप आधीपासूनच का आहे?

एका झाडाचा चीक माणसाच्या मेंदूत इतका बरोबर कसा बसतो? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. १९७३ मध्ये अमेरिकेत कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर यांनी दाखवून दिलं की मेंदूतल्या पेशींवर ओपिऑइडसाठी खास जागा असतात. त्यांना रिसेप्टर म्हणतात. समजा ते कुलूप आहे आणि मॉर्फिन ही किल्ली.

पण निसर्गानं माणसाच्या डोक्यात अफूचं कुलूप कशाला बसवलं असेल? तर ते अफूसाठी नव्हतंच. १९७५ मध्ये स्कॉटलंडमध्ये जॉन ह्यूजेस आणि हान्स कोस्टरलिट्झ यांना मेंदूची स्वतःची किल्ली सापडली. शरीर स्वतःच ओपिऑइडसारखी रसायनं बनवतं. एंडॉर्फिन हे नाव तुम्ही ऐकलं असेल, ते त्यांतलंच. पायाला ठेच लागल्यावर थोड्या वेळानं कळ ओसरते, बाळाला आईच्या कुशीत निवांत वाटतं, त्यात या रसायनांचा हात असतो.

फरक एवढाच की शरीर ही रसायनं गरजेपुरती, थेंबाथेंबानं सोडतं. गर्दची एक पुडी किंवा मूठभर गोळ्या म्हणजे थेट धरणाचे दरवाजे उघडण्यासारखं.

ही कुलपं मेंदूत एकाच जागी नाहीत. वेदनेच्या मार्गावर आहेत, म्हणून दुखणं थांबतं. आतड्यात आहेत, म्हणून पोट साफ होत नाही. मेंदूच्या तळाशी श्वास चालवणाऱ्या भागात आहेत. आणि मेंदूच्या 'बक्षीस' यंत्रणेत आहेत. व्यसन सुरू होतं ते इथं.

बक्षीस यंत्रणेचं काम साधं आहे. जगायला उपयोगी गोष्ट घडली, म्हणजे भुकेल्यावर भाकरी मिळाली, कुणी प्रेमानं जवळ घेतलं, की डोपामाइन नावाचं रसायन सोडायचं आणि मेंदूला सांगायचं, 'हे लक्षात ठेव, पुन्हा कर.' एरवी डोपामाइन सोडणाऱ्या पेशींवर दुसऱ्या काही पेशींचा ब्रेक असतो. ओपिऑइड तो ब्रेकच ढिला करतात. डोपामाइन वाढतं आणि मेंदू नोंद करतो की ही जगातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. भाकरीपेक्षा, पोरांपेक्षा.

मग मजा संपते आणि टर्की सुरू होते

मेंदूला समतोल लागतो. बाहेरून रोज पूर येतोय म्हटल्यावर तो आपली बाजू आवरती घेतो. कुलपं प्रतिसाद द्यायला कंटाळतात. कालच्या डोसनं आज काही होत नाही, म्हणून डोस वाढतो. याला सहनशक्ती वाढणं म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढं तो फार महत्त्वाचा आहे.

दुसरीकडं, मेंदूच्या तळाशी लोकस सेरुलियस नावाचा एक चिमुकला भाग आहे. शरीराला सावध ठेवणं हे त्याचं काम. ओपिऑइड त्याला दाबून ठेवतात. दबावाखाली काम करता करता तो जास्त जोर लावायला शिकतो. आणि एक दिवस पुडी मिळत नाही. दाबणारा हात निघून जातो, पण जोर तसाच राहतो. स्प्रिंग उसळावी तसं होतं. नाकाडोळ्यांतून पाणी, सारख्या जांभया, अंगावर काटा, घाम, थंडी, उलट्या, जुलाब, हाडं मोडल्यासारखं अंग दुखणं, झोप पार उडणं.

नशेच्या भाषेत याला टर्की म्हणतात. हेरॉईन थांबवल्यावर साधारण ८ ते १२ तासांत ती सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जाते आणि आठवडा-दहा दिवसांत ओसरते. निरोगी माणूस शक्यतो टर्कीनं मरत नाही, पण त्या माणसाला तसं वाटत असतं. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी होऊन प्रकृती गंभीरही होऊ शकते.

म्हणजे सुरुवातीला माणूस मजेसाठी घेतो. काही महिन्यांनी तो मजेसाठी घेत नसतो. सकाळी उठून अंथरुणातून बाहेर पडता यावं, हातपाय चालावेत, कामावर जाता यावं, एवढ्यासाठी घेत असतो. घरच्यांना वाटतं हा चैन करतोय. चैन कधीच संपलेली असते.

पुण्यानं हे चाळीस वर्षांपूर्वी पाहिलंय

१९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द पसरलं. कॉलेजची पोरं, रिक्षावाले, कामगार, कुठलाच थर सुटला नाही. पुणे जिल्ह्यातल्याच ओतूरचे डॉ. अनिल अवचट यांनी या पोरांमध्ये फिरून, त्यांच्याशी बोलून लेखन केलं. 'गर्द' हे त्यांचं पुस्तक त्यातूनच आलं. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता (सुनंदा) अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत होत्या. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं.

मुक्तांगणमध्ये दाखल झालेल्या माणसाला 'रुग्णमित्र' म्हणतात. आज हे नाव गोड वाटेल, पण त्या काळात गर्दुल्ला म्हणजे चोर आणि गर्दुल्ला म्हणजे पोलिसांचा विषय असंच समीकरण होतं. त्याला रुग्ण म्हणणं हीच मुळात मोठी गोष्ट होती. नंतरच्या संशोधनानं मेंदूबद्दल जे सांगितलं, ते या नावात आधीच होतं.

अफूशी महाराष्ट्राचं नातं त्याहून जुनं आहे, हेही जाता जाता. गिरण्यांच्या मुंबईत कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची बारीक गोळी चाटवून झोपवायच्या. पाळणाघर नाही, रजा नाही, मग दुसरं काय करणार? त्या बायकांना दोष देण्यापेक्षा त्या पाळ्यांना द्यायला हवा.

आताचं रूप पुडीचं नाही, पट्टीचं आहे

गर्द संपलेलं नाही, पण आज ओपिऑइडचं व्यसन गोळ्यांच्या पट्टीतूनही लागतं. कंबर दुखते, गुडघा दुखतो, अपघातानंतर पाय ठणकतो. गोळी घेतली, बरं वाटलं. डॉक्टरनं पाच दिवसांची लिहून दिलेली गोळी पाच महिने चालू राहते. ट्रॅमाडॉलचा असा गैरवापर इतका वाढला की एप्रिल २०१८ मध्ये सरकारनं ते एनडीपीएस कायद्याखाली आणलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीच्या तपासात समोर आलं की मुंबईची एव्हिओ फार्मास्युटिकल्स ही कंपनी टॅपेन्टाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांचं मिश्रण असलेल्या गोळ्या पश्चिम आफ्रिकेत पाठवत होती आणि तिथल्या रस्त्यांवर तरुण पोरं त्या नशेसाठी खात होती. ओपिऑइड आणि स्नायू सैल करणारं औषध एकत्र, म्हणजे श्वासावर दुहेरी दाब. बातमीनंतर केंद्र सरकारनं या मिश्रणाच्या निर्मिती आणि निर्यातीवर बंदी घातली. कंपनीचा कारखाना पालघर जिल्ह्यातला. म्हणजे माळेवाडीतल्या झाडांची चर्चा करताना पालघरच्या गोळ्यांचीही व्हायला हवी.

देशाचा आकडा किती? सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सनं केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातले सुमारे २ कोटी २६ लाख लोक कुठल्या ना कुठल्या ओपिऑइडचा वापर करत होते. त्यातल्या सुमारे ७७ लाख लोकांना मदतीची गरज होती. आणि ओपिऑइडची समस्या असलेल्यांची संख्या मोठी असलेल्या राज्यांमध्ये पंजाब, उत्तर प्रदेशासोबत महाराष्ट्राचंही नाव होतं. 'उडता पंजाब' म्हणत आपण निवांत राहण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असू द्या. कॅन्सरच्या रुग्णाला डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं असेल तर "व्यसन लागेल" म्हणून ते बंद करू नका. देखरेखीखाली, वेदनेच्या मापानं दिलेलं औषध ही वेगळी गोष्ट आहे. वेदनेनं तळमळणाऱ्या माणसाला भीतीपोटी औषध नाकारणं ही या विषयातली दुसऱ्या टोकाची चूक.

शरीराचं काय होतं?

सिनेमात दाखवतात ते सुईचे व्रण. सुया वाटून घेतल्या तर एचआयव्ही, हिपॅटायटिस सी, गळवं, हृदयाच्या झडपांना जंतुसंसर्ग, हे सगळं खरं आहे आणि बऱ्यापैकी माहीतही आहे. पण सुई न टोचणाऱ्यालाही बरंच काही होतं आणि त्याबद्दल लाजेपोटी कुणी बोलत नाही.

सगळ्यात त्रासदायक म्हणजे बद्धकोष्ठता. ऐकायला किरकोळ वाटतं. पण नशेची सहनशक्ती वाढते तशी आतड्याची वाढत नाही. म्हणजे डोस वाढत जातो, तसा हा त्रासही वाढतो. मूळव्याध, पोट फुगणं, कधीकधी आतडं अडकण्यापर्यंत गोष्ट जाते.

मग हार्मोन. दीर्घकाळ ओपिऑइड घेतल्यानं मेंदूकडून लैंगिक हार्मोनांसाठी जाणारा निरोप मंदावतो. पुरुषांमध्ये टेस्टोस्टेरॉन घटतं, इच्छा कमी होते, थकवा येतो. बायकांची पाळी अनियमित होते किंवा थांबते. हाडं ठिसूळ व्हायला लागतात. "ताकद येते" म्हणून अफू किंवा गोळी घेणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचायला हरकत नाही.

आणखी एक विचित्र प्रकार. वेदना मारायला घेतलेलं औषध काही लोकांमध्ये वेदना वाढवतं. मज्जासंस्था इतकी हळवी होते की साधा धक्काही जास्त दुखतो. माणसाला वाटतं आजार वाढला, तो आणखी गोळी घेतो. दुखणं आणखी वाढतं.

ट्रॅमाडॉल जास्त प्रमाणात घेतलं तर फिट येऊ शकते. अनेक वेदनाशामक गोळ्यांत ट्रॅमाडॉलसोबत पॅरासिटामॉल असतं. नशेसाठी मूठभर गोळ्या खाणाऱ्याच्या पोटात पॅरासिटामॉलही तेवढंच जातं आणि त्यानं यकृत निकामी होऊ शकतं. गरोदर बाईला व्यसन असेल तर जन्मलेल्या बाळाला टर्की लागते. ते सतत रडतं, थरथरतं, नीट दूध पीत नाही. पण म्हणून गरोदरपणात व्यसन एका झटक्यात बंद करायचं नसतं, त्यानं गर्भालाही धोका असतो. हे डॉक्टरांच्या देखरेखीतच करावं लागतं.

आणि मेंदू? त्यात सगळ्यात जास्त मार बसतो तो कपाळामागच्या भागाला. विचार करून निर्णय घेणं, मोह आवरणं, उद्याचा विचार करणं ही याची कामं. हा भाग पूर्ण पक्व व्हायलाच वयाची पंचविशी उजाडते. म्हणजे सतराव्या वर्षी व्यसन लागलेल्या पोराचा ब्रेक अजून नीट बसलेलाच नसतो आणि त्या आधीच गाडीचा वेग वाढलेला असतो. "एवढं कळत नाही का त्याला?" असं आईवडील विचारतात. कळत असतं. पण कळणं आणि थांबवता येणं यांच्यामधली तारच कमजोर झालेली असते.

हे कायमचं असतं का? बऱ्याच प्रमाणात नाही. नशा थांबल्यावर मेंदू सावरतो. मात्र त्याला दिवस नाही, महिने लागतात, कधी वर्षं. या काळात कशातच रस वाटत नाही, झोप येत नाही, चिडचिड होते. आणि आठवणी मागे राहतात. तो कट्टा, तो मित्र, सिगारेटच्या चांदीचा तुकडा नुसता दिसला तरी वर्षभरानंतरही तलफ उसळू शकते.

जागेचा आणि माणसांचा हा प्रभाव किती मोठा असतो, हे व्हिएतनाम युद्धात दिसलं. तिथल्या अमेरिकन सैनिकांपैकी सुमारे एक पंचमांश सैनिक हेरॉईनच्या आहारी गेले होते. हे लोक परत आल्यावर देशात हाहाकार माजेल असं सगळ्यांना वाटत होतं. संशोधक ली रॉबिन्स यांनी त्यांचा माग काढला, तर घरी परतल्यावर त्यातल्या बहुतेकांचं व्यसन सुटलेलं होतं. ते ज्या जागी नशा करायचे ती जागाच मागे राहिली होती. आपल्याकडं नेमकं उलटं होतं. पोराला केंद्रात नेऊन नशा सोडवतात आणि परत त्याच चौकात, त्याच मित्रांत, त्याच रिकामपणात आणून सोडतात.

ती चूक, जी जीव घेते

आता सहनशक्तीकडे परत येऊ. रोज घेणाऱ्याचा मेंदू मोठा डोस झेलायला शिकलेला असतो. दहा-पंधरा दिवस नशा बंद झाली की ही सहनशक्ती झपाट्यानं उतरते. टर्की संपते, भूक लागायला लागते, चेहऱ्यावर तेज येतं. घरचे म्हणतात, "सुटला बाबा एकदाचा." आणि डिस्चार्ज घेतात.

पण तलफ संपलेली नसते. काही दिवसांनी, एखाद्या लग्नात, एखाद्या भांडणानंतर, तो पुन्हा घेतो. आणि घेतो तो जुना, सवयीचा डोस. शरीर मात्र आता नवख्या माणसाचं झालेलं असतं. तोच डोस मेंदूच्या तळाशी असलेल्या श्वासाच्या केंद्राला थांबवतो. माणूस झोपल्यासारखा दिसतो, घोरल्यासारखा आवाज येतो, मग श्वास थांबतो.

ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००३ साली आलेल्या एका अभ्यासात व्यसन सोडवण्यासाठी दाखल झालेल्या १३७ रुग्णांचा मागोवा घेतला होता. बाहेर पडल्यावर चार महिन्यांत ओव्हरडोसनं तिघांचा मृत्यू झाला. हे तिघं उपचार अर्धवट सोडून पळालेले नव्हते. नशा पूर्ण उतरवून, सहनशक्ती गमावून घरी गेलेल्यांपैकी होते. तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडेही याच कारणानं धोक्याचे असतात.

थोडक्यात, टर्की उतरवणं म्हणजे उपचार नाही. ती उपचाराची पहिली पायरी आहे आणि नुसत्या पहिल्या पायरीवर सोडून दिलेला माणूस आधीपेक्षा जास्त धोक्यात असतो.

श्वास मंदावलेला असला, ओठ-नखं निळी पडली असली, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असल्या आणि हाका मारूनही माणूस उठत नसला, तर तो ओव्हरडोस समजा. १०८ ला फोन करा. श्वास चालू असेल तर एका कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. श्वास थांबला असेल आणि येत असेल तर तोंडानं श्वास द्या. मिठाचं पाणी पाजणं, "झोपू दे, उतरेल" म्हणणं, दोन्ही घातक. डॉक्टरांना काय घेतलंय ते खरं सांगा. नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन कुलपातून ओपिऑइडला बाजूला ढकलतं आणि काही मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. पण त्याचा असर ओसरल्यावर माणूस पुन्हा बेशुद्ध पडू शकतो, म्हणून जागा झाला की लगेच घरी न्यायचं नाही. उशीर झाला आणि मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही, तर वाचलेल्या माणसाचीही स्मृती आणि हालचाल कायमची बिघडू शकते. वर म्हटलं की मेंदू सावरतो, त्याला हा अपवाद.

गोळी सोडवायला पुन्हा गोळी?

ओपिऑइडच्या व्यसनावर औषधं आहेत. ब्युप्रेनॉर्फिन हे त्यातलं मुख्य. ते त्याच कुलपात बसतं, पण अर्धवट फिरणाऱ्या किल्लीसारखं. टर्की येत नाही, तलफ शांत होते, पण धुंदी चढत नाही आणि श्वासावरचा दाबही एका मर्यादेपुढं वाढत नाही. मेथॅडोन हेही असंच वापरलं जातं. दोन्ही औषधं २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. अशा उपचारांवर असताना मृत्यूचं प्रमाण उपचाराबाहेर असतानापेक्षा निम्म्याहून कमी राहतं, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. नॅलट्रेक्सोन हे तिसरं. ते कुलूप अडवून धरतं, म्हणून टर्की पूर्ण संपल्यावरच सुरू करतात.

"म्हणजे एक नशा सोडून दुसरी लावायची?" हा प्रश्न जवळपास प्रत्येक घरात येतो. मधुमेहाच्या माणसाला इन्सुलिन देताना आपण असं विचारत नाही. रोज ठरलेल्या वेळी औषध घेऊन कामावर जाणारा माणूस आणि पुडीसाठी घरातली भांडी विकणारा माणूस, यातला फरक बायकापोरांना विचारावा. हे औषध महिनोन्महिने, काहींना वर्षानुवर्षं लागतं. कधी थांबवायचं ते डॉक्टर ठरवतात, पाहुणे नाही.

औषधासोबत समुपदेशन, कुटुंबाची साथ आणि हाताला काम लागतं. मुक्तांगणचा निवासी उपचारही महिनाभराहून मोठा असतो आणि नंतर पाठपुरावा असतो, तो यासाठीच. रुग्णांच्या पत्नींसाठी तिथं 'सहचरी' नावाचा गट आहे. घरातला दुसरा आजारी माणूस बहुतेक वेळा तीच असते, फक्त तिला कुणी दाखल करत नाही.

केंद्र निवडताना डोळे उघडे ठेवा. डॉक्टर कोण येतात, औषधं कोण देतं, नोंदणी आहे का, हे विचारा. "बांधून ठेवू, आठ दिवसांत सरळ करू" असं कुणी सांगत असेल तर तिथून निघा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे.

बारामती-इंदापूरच्या लोकांसाठी बारामतीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, तिथल्या मनोविकार विभागात जाता येतं. पुण्यात येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आणि ससून आहे. व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसची १४४१६. नाव सांगितलं तर पोलीस घरी येतील ही भीती अनेकांना असते. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ मध्ये याचा विचार केलेला आहे. स्वतःच्या वापरापुरत्या थोड्या प्रमाणात अमली पदार्थ बाळगल्याचा किंवा सेवन केल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला त्या गुन्ह्यासाठीच्या खटल्यातून संरक्षण मिळतं. अट एकच, उपचार पूर्ण करावे लागतात. अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं.